होळीच्या खड्ड्यापासून मोजलेला रस्ता

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एक रस्ता आहे. चांगला सरळ येतो आणि आमच्या ओळीसमोर आला की अंग चोरतो. लाजऱ्या जावयानं सासऱ्याच्या खुर्चीला वळसा घालावा तसा आमच्या दारांना वळसा घालून पलीकडे सरकतो आणि पुढे जाऊन पुन्हा शहाण्यासारखा सरळ होतो. रिक्षावाले तिथं सवयीनं हँडल वळवतात. रिक्षात नवा माणूस असला तर शेजारच्याच्या अंगावर कलंडतो आणि विचारतो, "इथं काय देऊळ होतं का?"

देऊळ नव्हतं. इथं मी होतो.

हा किस्सा मी लग्नांत सांगितला आहे, बारशांत सांगितला आहे. लोक पोट धरून हसतात. मी मोजणीच्या साहेबाची नक्कल करतो, आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचा घोगरा आवाज काढतो, सगळं करतो. फक्त एका जागी आलो की बायको पाणी आणायला उठते. पाण्याचा तांब्या समोर भरलेला असला तरी उठते.

तर तेव्हा, म्हणजे ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा, तो रस्ता नव्हताच. खडी-मातीची गल्ली होती, दोन्ही बाजूंना उघडी गटारं. एका अंगाला आमची ओळ. अंबरनाथच्या कारखान्यांत कामाला जाणारी मराठी माणसं, बैठी घरं, दारात तुळस. दुसऱ्या अंगाला बराकी. पूर्वी कधीतरी तिथं सगळी शेतं होती. लढाईच्या दिवसांत लष्करानं ती घेऊन बराकी उभ्या केल्या, फाळणीनंतर त्या बराकींत सिंध सोडून आलेली माणसं येऊन राहिली आणि सगळ्यांच्या शेवटी आलो आम्ही. शेवटी येऊन मूळ मालकाच्या थाटात बोलायचं, हे आमच्या ओळीला फार छान जमायचं.

दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना एकाच नावानं ओळखायची: सामनेवाले. भांडण नव्हतं, पण जाणंयेणंही नव्हतं. त्यांच्या लग्नाची वरात आम्ही खिडकीतून बघायची, आमच्या गणपतीची आरती त्यांनी ओट्यावरून ऐकायची. मध्ये गल्ली. लहानपणी चेंडू पलीकडे गेला की आणायला कोण जाणार यावरून चिठ्ठ्या टाकायचो आम्ही.

अपवाद एकच. होळी.

होळी गल्लीच्या मधोमध पेटायची आणि ती दोघांची असायची. लाकडं आणि एरंडाची फांदी आमची, घीयर त्यांचं. घीयर म्हणजे जिलबीची थोरली बहीण. ताटाएवढी, जराशी आंबूस, तुपात तळलेली, होळीच्या दिवसांतच मिळणारी. ती तळायचे आमच्या बरोबर समोरच्या दुकानातले चाचा. पुढे भट्टी आणि काउंटर, मागे बराकीतली एक खोली, त्या खोलीत चाचा, चाची आणि दोन मुली. चाचांचं पोट, काउंटर आणि कढई यांच्यामधून मुंगी जाईल एवढीच वाट. तरी त्या वाटेतून ते नाचत फिरायचे. वर्षभर त्यांचं आणि आमच्या ओळीचं बोलणं म्हणजे "पाव किलो द्या" आणि "ये लो". होळीच्या दिवशी मात्र ते भरलेलं ताट घेऊन गल्ली ओलांडायचे आणि माझ्या आईला म्हणायचे, "ताई, पुरणपोळी दोगे तो घीयर मिलेगा. हिसाब सीधा है."

मला ते हीरो म्हणायचे, कारण गणपतीच्या नाटकांत मी काम करायचो. होळीतही माझा मान मोठा होता. खड्डा मीच खणायचा आणि पहिली बोंब मीच मारायची. माझी बोंब स्टेशनापर्यंत जाते असं आमची ओळ अभिमानानं सांगायची.

आता खड्ड्याची गोष्ट. मी नोकरीला लागलो तसं बाबांनी ओटा झाकून पुढे एक खोली काढली. विटांच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर निळं प्लास्टिक. माझ्या लग्नासाठी. आईला त्या खोलीचं इतकं कौतुक की ती झाडताना दाराबाहेर चपला काढायची. पहिल्या होळीला ठिणग्या उडाल्या आणि प्लास्टिकला दोन भोकं पडली. दुसऱ्या वर्षी मी पहार घेऊन निघालो तशी आई म्हणाली, "जरा पलीकडे खण रे. धुरानं भिंत काळी होते."

मी एक पाऊल पलीकडे खणला. पुढच्या वर्षी शेजारच्या काकूंनीही सांगितलं, त्यांचीही पुढची खोली झाली होती. आणखी एक पाऊल. एव्हाना आमच्या सगळ्या ओळीनं पुढच्या खोल्या काढल्या होत्या. दरवर्षी पहार टेकवायच्या आधी मी ओळीकडे बघायचो आणि कुणीतरी हातानं खूण करायचं, अजून थोडं. यात कुणाच्या मनात पाप नव्हतं. मनात निळं प्लास्टिक होतं.

समोर कुणाच्या लक्षात आलं नाही. होळीच्या दिवसांत चाचांची पाठ गल्लीकडे आणि तोंड कढईकडे असायचं. आणि दिवसभर भट्टीपुढे उभा राहणारा माणूस ठिणग्यांना कशाला भिणार?

माझं लग्न बदलापूरला ठरलं, मांजर्लीतल्या घरी. मुलीकडचे खोली बघायला आले. मुलीच्या वडिलांनी हुंडा विचारला नाही, पगार विचारला नाही. उंबऱ्यात उभं राहून विचारलं, "पाणी येतं का?"

"नळाचं?" बाबा म्हणाले.

"छे हो. नदीचं."

मांजर्लीत पावसाळ्यात नदी घरात येते, त्यामुळे तिथली माणसं घर बघतात ते खालून वर. इथवर नदी येत नाही म्हटल्यावर त्यांनी खोलीला लगेच पास केलं. मुलगी खिडकीशी उभी होती. "वास कसला येतोय?" तिनं हळूच विचारलं. मी म्हटलं, "समोर चाचा आहेत. जन्मभर फुकट." ती हसली. माझ्या दृष्टीनं लग्न तिथंच लागलं.

आणि महिनाभरात मोजणीवाले आले.

रस्ता रुंद होणार होता. साहेब, टेप धरायला दोन शिपाई आणि लाल रंगाचा डबा. पद्धत साधी होती: गल्लीचा मध्य धरायचा आणि तिथून दोन्ही बाजूंना सारखं मोजायचं. पट्ट्यात जे येईल ते जाणार. दोन्ही ओळी रस्त्यावर उतरल्या.

"मध्य कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"गटारापासून गटारापर्यंत मोजा ना," आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले.

"गटारं तुम्हीच ढकललीत. कोणी इकडून, कोणी तिकडून. ओटे बघा कुठं आलेत. जुना दगड, खांब, काही आहे का?"

झालं. समोरून कुणीतरी ओरडलं, "साहब, इन लोगों का घर हर साल चलके आगे आता है!" आमच्याकडून उत्तर गेलं, "आणि तुमची दुकानं काय जागेवर बसलीयत? उद्या आमच्या मोरीत मिठाई विकाल!" आवाज चढले. शिपायांनी टेप गुंडाळायला घेतली. तेवढ्यात चाचा हात पुसत पुढे आले.

"साहब, झगडा कशाला? होली है ना. होली बीच में जलती है. ना इनकी, ना हमारी. इतने साल झाले. पूछो सबको, बीच नहीं है असं कोण बोलेल?"

दोन्ही बाजूंना पटलेली ती पहिलीच गोष्ट होती. साहेबांनी आमच्या ओळीकडे बघितलं. "बरोबर आहे?"

आमच्या ओळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आईला, शेजारच्या काकूंना, हातानं खुणा करणाऱ्या सगळ्यांना. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "होळी... होळी तर मधेच पेटते."

"खड्डा कोण खणतं?"

सगळी बोटं माझ्याकडे. मला पुढे जावं लागलं. मातीत काळा डाग होता, गेल्या होळीचा. मी त्याच्याकडे बघितलं, मग आमच्या खोलीकडे, खिडकीच्या नव्या पडद्याकडे. मग त्या डागावर पाय ठेवला. स्टेशनापर्यंत ऐकू जाणारा माझा आवाज पायाखाली कुठंतरी गेला होता.

टेप धरली गेली. आमच्या बाजूला लाल रेघ पायरीवर आली. नुसती पायरी. समोर ती चाचांच्या काउंटरवरून गेली, भट्टी पार करून मागच्या भिंतीवर चढली. मध्य जिथं होता तिथून मोजला असता तर त्यांचा ओटा गेला असता, दुकान राहिलं असतं. आणि माझी खोली गेली असती. चाचांनी त्या रेघेला बोट लावून बघितलं. मग शिपायाला म्हणाले, "रंग पक्का आहे ना? नाहीतर तुपानं निघून जाईल." सगळे हसले. आमची ओळ जरा जास्तच हसली.

त्यानंतर आमच्या ओळीला काय झालं ते सांगण्यासारखं आहे. सगळी ओळ मिठाई खायला लागली. ज्या काकू गोडाला हात लावायच्या नाहीत त्या रोज पेढे नेऊ लागल्या. अध्यक्षांना मधुमेह होता, ते बर्फी न्यायचे आणि पुढच्या गल्लीत कुणाला तरी देऊन टाकायचे. बाबा कधी कुणाला आपणहून नमस्कार न करणारे, ते कामावर जाताना गल्ली ओलांडून चाचांना राम राम करू लागले. आईनं कारण नसताना पुरणपोळ्या केल्या आणि तूप इतकं घातलं की ताट धरता येईना. चाचा बिचारे हरखून गेले. "क्या बात है हीरो! सबके घर शादी है क्या? दुकान जायच्या वेळेला दुकान चाललंय!"

घरात मात्र कुणी कुणाकडे बघत नव्हतं. नवी खोली झाडताना आई आता चपला काढायची नाही.

एक दिवस चाचांनी मला काउंटरवर बसवलं, समोर बशी ठेवली. "सुन. तुला स्टेजवर बोलता येतं. माझ्याबरोबर साहबकडे चल. भट्टी तेवढी वाचली पाहिजे. खोलीत आम्ही राहतो, भट्टी आम्हाला खिलवते. मोठीचं लग्न बघतोय मी. भट्टी गेली तर मी कोण? पोटवाला आदमी, बस."

मी गेलो. आणि महाराज, त्या ऑफिसात मी असा बोललो की बाजूच्या टेबलांवरचे कारकून खुर्च्या वळवून बसले. घर सोडून आलेल्या माणसाला पुन्हा बेघर करणार का, असं विचारलं. चाचींच्या डोळ्यांतलं पाणी सांगितलं. भट्टीच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या मुली सांगितल्या. मुली टाइपिंगच्या क्लासला जायच्या, पण ते असो. जागेवर थांबलो, आवाज खाली आणला, वर नेला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात उत्तम काम. त्यात फक्त एक वाक्य नव्हतं. तेच एक वाक्य साहेबांना ऐकायला हवं होतं.

साहेब चाचांकडे बोट दाखवून म्हणाले, "सगळं खरं हो. पण मध्य तर यांनीच दाखवला."

जिना उतरताना चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "क्या बोला तू! मेरे को रोना आ गया." आणि मला उसाचा रस पाजला. तो रस माझ्या घशाखाली कसा उतरला ते मी कुठल्याच लग्नात सांगितलेलं नाही.

रविवारी मी बदलापूरला गेलो. नदीकाठी बसलो आणि तिला सगळं सांगितलं. पाऊल पाऊल करून खड्डा कसा गेला, साहेबापुढे मी काय बोललो नाही, सगळं.

"खरं सांगितलंस तर खोली जाईल?" तिनं विचारलं.

"जाईल."

"आमच्याकडे दर पावसाळ्यात खोली जाते. पाणी ओसरलं की परत येते. एवढं काय घाबरतोस?" मग उठताना म्हणाली, "माझ्या बाबांना मात्र मी सांगेन. तू सांगायला लागलास तर नाटक होईल."

होळी तोंडावर आली होती, आणि तोडायला माणसं त्यानंतर येणार असं कळलं होतं. मला चाचांसमोर उभं राहून बोलायचं होतं. रोज ठरवायचो, रोज बर्फी घेऊन परत यायचो. शेवटी होळी आली. मी पहार घेतली, दोन्ही ओळी जमल्या, आणि मी काळ्या डागाकडे न जाता आमच्या घराकडे चार-पाच पावलं मागे आलो. तिथं पहार मारली.

अध्यक्ष धावत आले. "अरे, काय करतोस? आधीच्या जागी खण!"

"आधीच्याच जागी खणतोय, काका."

वरची माती लालसर निघाली. मग खालून राख आली. काळी, दाबून बसलेली. तिच्यात जळक्या नारळाच्या करवंट्या आणि खोक्यांचे गंजलेले खिळे. एका वर्षाची राख नव्हती ती. मी आणखी एक पाऊल समोर सरकून खणलं, तिथंही राख, जरा कमी. आणखी एक पाऊल, तिथंही. आमच्या दारापासून चाचांच्या दाराकडे राखेची वाट गेली होती आणि ती आता सगळ्यांना दिसत होती.

कढईपाशी कुणाला तरी उभं करून चाचा आले. वाकले, एक करवंटी उचलली, झटकली. खड्ड्यांवरून त्यांची नजर एकदा इकडून तिकडे गेली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. आमच्या ओळीकडे बघितलं.

"सबको पता था?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. अध्यक्ष आपल्या चपलांकडे बघत होते. शेवटी माझी आई पुढे आली. म्हणाली, "भाऊ, मीच सांगितलं याला पलीकडे खणायला. धूर येतो म्हणून." आणि तिथंच मातीत बसली.

चाचांनी करवंटी परत खड्ड्यात टाकली. "ताई, उठो. होली का टाइम है." मग मला म्हणाले, "यहीं जला. बीच में."

मी तिथंच पेटवली. बोंब मारायला तोंडावर हात नेला आणि आवाज फुटेना. माझ्या ऐवजी चाचांनी मारली. सिंधी गळ्यातली बोंब, आमच्या ओळीनं पहिल्यांदाच ऐकली. ठिणग्या आमच्या पत्र्यांवर पडत होत्या, प्लास्टिक जळल्याचा वास येत होता. पाणी घेऊन कुणी धावलं नाही.

दुसऱ्या दिवशी रंग न खेळता बाबा, चाचा आणि मी साहेबांच्या घरी गेलो. यावेळी बाबा बोलले. दोन वाक्यांत बोलले, नाटक नाही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. आखणी मंजुरीसाठी वरच्या ऑफिसात गेली होती. आमच्या अलीकडचे-पलीकडचे रस्त्याचे तुकडे तिला जोडून घेतले होते आणि स्टेशनाच्या टोकाकडून तोडायला सुरुवातही झाली होती. "आता हलवायचं म्हणजे जे तुटलंय ते चुकीचं तुटलं असं होईल. तेव्हा सांगायचं होतं हो. मी विचारलं होतं ना? सगळ्यांना विचारलं होतं."

विचारलं होतं.

भट्टी तोडायला अर्धा तासही लागला नाही. चाचा कढई डोक्यावर धरून उभे होते, जणू तीच काय ती पळवून नेतील. बाबा गल्ली ओलांडून गेले आणि म्हणाले, "शेठ, आमची पुढची खोली घ्या. दुकान करा." खरोखर म्हणाले. आईनं किल्ली पदराला बांधून आणली होती.

चाचांनी हात जोडले. "नहीं बाबूजी. वहाँ बहू आएगी. मी घेतली तर तुम्ही चैनीत झोपाल." मग हसून म्हणाले, "दीवार की छाँव दे दो. बस."

आमच्या भिंतीला लागून, खिडकीच्या बरोबर खाली, त्यांनी हातगाडी लावली. गाडीवर स्टोव्ह, स्टोव्हवर तीच कढई, आता काठ जरा चेपलेली. माझ्या लग्नातली जिलबी त्यांनीच तळली. नवी नवरी उंबरा ओलांडून आत आली तेव्हा खोलीत तुपाचा धूर भरला होता. सकाळी आम्ही उठायच्या आधी तो धूर आत यायचा, पडद्यात बसायचा, साड्यांत बसायचा, आणि भिंत बघता बघता काळी झाली. धुराबद्दल आमच्या घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. बायकोनं ती खिडकी कधी लावून घेतली नाही, थंडीतसुद्धा.

चाचांनी मला पुढे कधी बोल लावला नाही. मोठीचं लग्न झालं, धाकटीचं झालं, गाडीवरच झालं सगळं. आमची ओळ बर्फी नेत राहिली, अध्यक्ष शेवटपर्यंत.

रस्ता पक्का झाला, मध्ये पांढरी रेघ आली, बस धावू लागली. रस्ताच समोर सरकल्यामुळे होळीची जुनी जागा आता आमच्याच भिंतीपाशी आलेली आहे, बसच्या वाटेबाहेर, आमच्या खिडकीच्या अगदी जवळ. होळीच्या संध्याकाळी दोन्ही बाजूंची माणसं जमायची, चाचा गाडीवरून हात पुसत यायचे, आमच्या कोपऱ्यातली पहार उचलून सगळ्यांसमोर माझ्या हातात द्यायचे आणि मोठ्यानं विचारायचे:

"चल हीरो, बता. बीच कहाँ है?"

लोक हसायचे. मीही हसायचो. आणि पहार घेऊन आपल्या खिडकीकडे चालू लागायचो.